कबुतरांचं औषध

मी, ओमेर वांदेनहेंडे, वय त्र्याहत्तर, निवृत्त व्यावसायिक सायकलपटू, राहणार औदेनार्दे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय थकलंय, डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक माझा एकुलता एक मुलगा योरिस यास मिळावी. तेरा वर्षांपूर्वी त्याला बेदखल करायलाच मी नोटरीसाहेबांकडे गेलो होतो. निम्मा वाटा कायद्यानेच मुलाचा, असं ते म्हणाले तेव्हा मी टेबलावर मूठ आपटली होती. उरलेला निम्मा मी आता राजीखुशीने देतो.

२. कबुतरं खुराड्यासकट शेजारच्या रीटाला. तिने मांजर आवरावं, एवढीच अट.

३. क्लबच्या कॅफेत टांगलेली माझी सायकल उतरवावी. तिच्यावर जिंकलेली एकही शर्यत मी उत्तेजक औषध टोचून घेतल्याशिवाय जिंकलेली नाही. सगळेच घेतात, मग फसवलं कुणाला, असं आम्ही म्हणायचो. योरिस सात वर्षांचा असताना त्याने माझ्या पिशवीतल्या सुया पाहिल्या. कबुतरांचं औषध आहे, असं मी बेधडक सांगितलं. पोर बिचारं आठवडाभर आजारी कबुतर शोधत होतं.

पुढे तोही व्यावसायिक झाला आणि त्यानेही घेतलं. पण चौकशीत त्याने सगळं कबूल केलं. डॉक्टरचं, मालीशवाल्याचं, संघातल्या चौघांचं नाव सांगितलं. गाव खवळलं. त्याच कॅफेत, भरल्या माणसांत मी त्याला म्हणालो, "खाल्ल्या घरचे वासे मोजतोस? आपल्या घरात असलं काही कधी नव्हतं."

त्याने शांतपणे कोट घेतला. दारापाशी थांबून एवढंच म्हणाला, "बाबा, हे पहिल्यांदा कुठे पाहिलंस, असं चौकशीत त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, आठवत नाही."

तो परत आला नाही. त्याची आई पाउला शेवटपर्यंत त्याची वाट बघत गेली. माझ्या एका शब्दाने तो आला असता, आणि तो शब्द मी काढला नाही. हे पाप माझं.

४. पुढची ओळ रविवारी, शर्यतीनंतर, कॅफे भरलेला असताना मोठ्याने वाचावी. योरिस नसला तरी वाचावी:

त्याला सगळं आठवत होतं. त्याने ते पहिल्यांदा आपल्या बापाकडे पाहिलं.

सही: ओमेर वांदेनहेंडे
साक्षीदार: जिल्बेर मास, जुना संघसहकारी; मार्था दे व्रीस, परिचारिका
औदेनार्दे, ११ मार्च २०१८