हिरवी साडी वापस घेता का?

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुण्याच्या बाईचे पैसे परत केले. करावेच लागले! सकाळपासून नुसता भडिमार — "फसवाफसवी करता, सगळ्या ग्रुपवर टाकते तुमचं नाव!" कुर्त्याला काहीही झालेलं नव्हतं. रंग मनाला आला नाही, एवढंच. ती ओरडली आणि मी घाबरले. वर्ष झालं हे पेज चालवून राहिले — लोकांच्या कपाटातले कपडे घ्यायचे, धुवायचे, इस्त्री करून विकायचे — पण भांडता अजून येत नाही.

हे म्हणाले, "पुनम, नियम कर. अंगावर घातलेलं वापस नाही म्हणजे नाही." केला! पेजवर सगळ्यात वर लावला.

दुपारी मात्र छान झालं. लोह्याच्या गुणाबाईंनी फोटो पाठवला. अंगणवाडीत मदतनीस आहेत. माझ्याकडून हिरवी रेशमी साडी घेतली होती, लेकीच्या डोहाळजेवणाला. रविवारी उदगीरला, लेकीच्या सासरी कार्यक्रम झाला. लेक — लुंबिनी — फुलांचे दागिने घालून बसलेली, गालातल्या गालात हसू. खाली लिहिलं होतं, "लई गोड दिसून राहिली बघा ताई."

लगेच पेजवर टाकला. "साडी जुनी, आनंद नवा!" सुचलं कसं मला!

६ फेब्रुवारी, गुरुवार

त्या फोटोला इतके बदाम कशालाच आले नव्हते. तीन बायका हिरवी साडीच मागून राहिल्या. गुणाबाईंना विचारायला हवं होतं का? पण आनंदाचाच तर फोटो.

९ फेब्रुवारी, रविवार

गुणाबाईंचा मेसेज — "ताई, हिरवी साडी वापस घेता का?"

का, ते लिहिलं नाही. फाटली का विचारलं. "न्हाई." डाग? "न्हाई. साडी चांगली हाय." मग राग आला. कार्यक्रम झाला, मिरवून झालं, आता पैसे हवेत! मी नियम पाठवला. वर त्यांचाच फोटो त्यांना पाठवला — "नेसलेली दिसते आहे ना? मग वापस कशी घेऊ?"

ह्यांना दाखवलं. "आता जमायला लागलं तुला," म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

गुणाबाईंनी नियम वाचलाय. विषय संपला म्हणायचा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लिहून टाकते.

गुणाबाईंचा फोन आला. मी आधीच आवाज चढवला — "मावशी, नियम सगळ्यांना सारखा!" त्या म्हणाल्या, "व्हय ताई, बरोबर हाय तुमचं. पैशे नका देऊ. निसती साडी घेऊन जावा. घरात ठिववंना."

मग हळूहळू निघालं. लेकीला त्यांनी सांगितलं होतं की नांदेडच्या दुकानातून नवी आणली. लुंबिनीच्या नणंदेनं माझं पेज बघितलं. फोटो बघितला. "साडी जुनी" वाचलं! फोन घरभर फिरला. सासू म्हणाली म्हणे, "पहिलटकरणीला कुणाच्या तरी अंगावरची साडी नेसवली, आमची शोभा केली." लुंबिनीनं जावयाच्या हाती साडी परत पाठवली. आईचा फोन उचलत नाही.

"तुम्हाला काय म्हाईत होतं ताई," त्या म्हणाल्या. "मीच फोटो धाडला. मला काय ठाऊक पेजवर लावत्यात ते."

मला शिव्या का नाही दिल्या? दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुण्याची ओरडली, तिला पैसे. गुणाबाई हळू बोलल्या, त्यांना नियम. आणि तो फोटो! त्यांच्या तोंडावर फेकल्यासारखा परत पाठवला मी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

फोटो काढून टाकला. काय उपयोग? भाजीत मीठ दोनदा पडलं. हे म्हणाले, "तू काय मुद्दाम केलंस का?" मुद्दाम नाही. विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाल्या असत्या — हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लोह्याला जाऊन आले.

गुणाबाई दारातच उभ्या होत्या. फोनवरच्या आवाजापेक्षा बारीक दिसतात. साडी पिशवीत घालून तयार ठेवलेली, पुन्हा इस्त्री करून. मी पैसे पुढे केले. घेईनात. म्हणाल्या, "लेकीचं तोंड फिरलं, ते पैशानं वळतंय का?"

आणि मग मीच बोलून गेले — "मी लुंबिनीशी बोलते. सांगते की माझी चूक झाली. साडी नवीच होती, फोटोखाली चुकून भलतं लिहिलं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं! नको म्हणतील वाटलं. म्हणाल्या, "मानंल का ती?"

माझ्या फोनवरून लावला. घडाघडा बोलले. आमच्याकडे नव्या साड्याही असतात, तुमच्या आईनं नवीच घेतली, नियम माझे, चुका माझ्या… मग लुंबिनी म्हणाली, "बरं झालं सांगितलं ताई. आईकडं द्या फोन."

गुणाबाई पदर तोंडाला लावून नुसत्या "हाव… हाव बाई…" करत राहिल्या. मी भिंतीकडे बघत बसले.

निघताना साडी मागितली. "आता कशाला?" म्हणाल्या. "आता नवीन हाय ती!" आणि हसल्या. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी पोटभर खाऊ घातली. एका लेकीला खोटं सांगून तिच्या आईच्या हातचं जेवून आले मी. घास उतरत होता, हेच जास्त लागलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे म्हणाले, "मिटलं ना सगळं?" मी हो म्हणाले. मिटलं नाही. झाकलं.

३ मार्च, सोमवार

धर्माबादच्या एका बाईनं ड्रेस ढिला होतो म्हणून सांगितलं. भीत भीत. मी काही विचारलं नाही, पैसे परत केले. तरी गुणाबाईच आठवल्या.

१२ एप्रिल, शनिवार

लुंबिनीचा मेसेज. थेट मला!

"ताई, मुलगी झाली. बाळाला पहिलं कापड जुनंच घालतात आमच्याकडं, मऊ असतं. तुमच्या पेजवर असलं तर पाठवा. आणि एक — साडी जुनी होती हे मला नेसतानाच कळलं होतं, पदराला अजून कुणाच्या तरी अत्तराचा वास होता. राग जुन्या साडीचा नव्हता, सासरी सगळ्यांसमोर हसं झालं त्याचा होता. त्या दिवशी तुमचं ऐकून घेतलं ते आईसाठी. तिला सांगू नका."