जिन्यातला दिवा आणि लोखंडी बॅटरी

मी, खाली सही करणारी, बॅटऱ्या तपासण्याच्या कामातून निवृत्त झालेली अविवाहित बाई, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. गुडघे गेले आहेत, पण कायद्याला त्यांची गरज नाही.

१. घराचा वरचा मजला आणि बँकेतली शिल्लक भाचीला. खालचा मजला तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या दादाचा, आहेच.

२. माझे पान्हे आणि व्होल्टमीटर दादाच्या हाती देऊ नयेत. कारण लिहिणे भाग आहे.

आमचे वडील विजेवर चालणाऱ्या मोटारी बांधत. पेट्रोलची गाडी तेव्हा हँडल मारून सुरू करावी लागे. आपल्या गाडीत कोणती बॅटरी बसवायची ते ठरवायचे होते: आम्लावर चालणारी शिशाची, की अल्कलीवर चालणारी नवी लोखंडी. शिशाची स्वस्त, पण खड्ड्यांनी तिच्या प्लेटा झडत. लोखंडी महाग, थंडीत मंद, पण टिकाऊ. तपासणी आम्हा भावंडांकडे होती. लोखंडी बॅटरी आधी चढावर झकास चालली, मग एकाएकी मरगळली. शेडमध्ये जाऊन पाहते तो दोन्हींना एकच नरसाळे.

"दादा, आम्लाचं नरसाळं अल्कलीत घातलंस?"

"पुसलं होतं की बाहीला."

"बाहीची चाळण झालीय ती बघ आधी."

"कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलेलं शाळेत ठेवा, बाईसाहेब. इथे गाडी चालवायचीय."

वडील म्हणाले, थोरला सांगतो तेच खरे. शिशाच्या बॅटऱ्या बसल्या, गिऱ्हाइके चिडली, पेट्रोलवाल्यांनी बाजार खाल्ला. लोखंडी असत्या तरी कदाचित बुडालो असतो. पण धुतलेल्या नरसाळ्याने बुडालो असतो.

३. लोखंडी बॅटरीचा दुसरा, न बाटलेला संच माझ्या माळ्यावर आहे, घरच्या विजेवर चार्ज होत राहतो. जिन्यातला दिवा त्यावर चालतो. तो आपल्या शिशाच्या बॅटरीवर चालतो असे दादाने गृहीत धरले आहे. वीज गेली की त्याच उजेडात वर येतो आणि म्हणतो, "बघ, माझं शिसं अजून दम धरून आहे." त्याचे शिसे शेडमध्ये केव्हाच फुटून पडले आहे. मी सांगितले नाही. सांगितले असते तर पाणी भरायला तो नरसाळे घेऊन आला असता.

४. हा संच सांभाळशील का, असे भाचीला विचारले. "आत्या, ते धूड मी कुठे ठेवू? भंगारवाला नेईल ना." पोरगी खोटे बोलत नाही, म्हणून मजला तिला.

५. तेव्हा संचाचे काहीही करू नये. पाणी घालणारे कोणी नाही. ते आटेल आणि दिवा विझेल. हे वाचून दाखवल्यामुळे दादाला तोवर सगळे कळलेले असेल. तो म्हणेल, "मी तेव्हाच सांगितलं होतं, लोखंडी टिकत नाही." उत्तर द्यायला मी नसेन.

६. माझ्या उशाशी टॉर्च आहे, ती दादाला द्यावी. वर येण्याचे कारण उरणार नाही, तरी तो येईल. वरची पायरी सैल आहे.

साक्षीदार: डॉक्टर (माझ्या बुद्धीबद्दल), शेजारच्या शिंपीणबाई (माझ्या सहीबद्दल).

सही: दादाची धाकटी
ठिकाण: राहते घर, वरचा मजला
दिनांक: दोघांनी सह्या केल्या तो, सोमवार