तुळई सोडून बाकी सगळं

मी, ऑर्फा हेझल्टाइन, कै. एल्डन हेझल्टाइन यांची पत्नी, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार वेस्ट कॉर्बिन, व्हरमाँट, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचं नसतं. कोणाची जबरदस्ती नाही. माझ्यावर जबरदस्ती करणारा या डोंगरात अजून जन्मायचा आहे. वकिलाकडून टाइप करून घेतलेलं आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात तुळईचा उल्लेख नव्हता.

१. राहतं घर, परसातलं सफरचंदाचं रान आणि विहीर माझी चाळिशीत झालेली मुलगी लोर्ना हिला. ती आपल्या चार महिन्यांच्या लेकीला, मेबलला, घेऊन उद्या इथे कायमची राहायला येते आहे. तिला सोडून गेलेल्या नवऱ्याला यातलं काहीही मिळू नये, दाराची मूठसुद्धा नाही.

२. मेपलचा पाक करायची मोठी कढई आणि सगळ्या बादल्या शेजारच्या पर्ली डॉजला. मेला कढई कधी घासत नाही. आधी घासून दाखवू दे, मगच ताब्यात द्यावी.

३. माझा दीर वेंडेल याला, छपरावरचा बर्फ ओढायचं लांब दांड्याचं फावडं. ते त्याच्याकडेच आहे. अकरा वर्षांपूर्वी जानेवारीत "दोन दिवसांत आणून देतो, वहिनी" म्हणून घेऊन गेला. फेब्रुवारीत आमच्या गोठ्याच्या छपरावर कमरेइतका बर्फ साचला. एल्डन गाय सोडवायला आत गेला आणि छप्पर खाली बसलं. गाय वाचली. वेंडेल दफनाला आला, ओक्साबोक्शी रडला, फावडं काही आणलं नाही. आता त्याने ते ठेवून घ्यावं आणि रोज बघावं.

४. तुळई. एल्डनच्या अंगावर जी पडली, तीच. त्याच्या पणजोबांनी कुऱ्हाडीने तासलेली, हेमलॉकच्या झाडाची. तिच्यात आरपार ठोकलेला लोखंडी आकडा आहे. एल्डन दूध काढताना आपली लोकरी टोपी त्यावर अडकवायचा. त्या दिवशीही टोपी तिथेच होती. गोठ्याचं बाकी लाकूड मी विकलं. ही तुळई घरात आणली आणि फायरप्लेस नव्याने बांधून घेऊन तिच्यावर आडवी बसवली. गावभर बोंब झाली. नवऱ्याला खाणारं लाकूड हिने दिवाणखान्यात मांडलं म्हणे! मांडलं. माझा नवरा, माझा दिवाणखाना.

काम आर्मांड तिबो या गवंड्याने केलं. तो म्हणाला, "ऑर्फाबाई, जाळापासून बारा इंच वर घ्यावी लागेल."

मी म्हटलं, "बारा इंचांवर माझा हात आकड्याला पोचत नाही. सहावर बसव."

"सहावर भाजेल ती."

"तुला पैसे गवंडीकामाचे देते की प्रवचनाचे?"

त्याने बसवली. वर म्हणाला, "लाकूड एका दिवसात पेटत नाही. रोज थोडं थोडं भाजतं. मागून काळं पडतं, मग त्याचा कोळसा होतो. कोळशाला पेटायला ठिणगीसुद्धा लागत नाही, बाई." मी त्याला चहासुद्धा दिला नाही. याची मला लाज वाटते.

५. आता खरं लिहिते. तीन हिवाळे झाले, विस्तव विझल्यावरही सकाळी तुळई कोमट लागते. गेल्या वर्षापासून करपलेल्या पावाचा वास येतो. मी खिडकी उघडते आणि टोस्टरला नावं ठेवते. आज आकड्यावरची एल्डनची टोपी काढली, तर आकड्याला टेकते तिथे लोकर तपकिरी पडून भुगा झाली होती. तुळई काढायचं माझ्याच्याने होत नाही. ती काढली तर सकाळी उठून मी हात कशावर ठेवू? म्हणून माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांत आर्मांडने ती काढावी आणि तोवर लोर्नाने फायरप्लेस पेटवू नये.

(इथून पुढचं आर्मांडच्या गाडीच्या बॉनेटवर लिहीत आहे. बर्फ भुरभुरतो आहे, शाई फुटली तर माफी असावी.)

साक्षीला आर्मांड आणि टपालवाली विनी पॅरट यांना बोलावलं होतं. साक्षीदाराने मृत्युपत्र वाचायचं नसतं, पण आर्मांडने वाचलं. पाचव्या कलमाशी थांबला. उठला आणि तुळईच्या वरच्या फटीत बोटं घालून बघितली. झटकन मागे घेतली.

"आज पेटवलीत?"

"पहाटेपासून. खोली उबदार नको का? पोर यायची आहे उद्या."

"विनी, खाली दुकानात जा. बंबाला फोन कर. आणि लोर्नाला सांग, निघू नकोस."

"एवढं काय झालं?" मी विचारलं.

"तुमचे तीस दिवस संपले, ऑर्फाबाई. पाळणा कुठाय?"

पाळणा मी फायरप्लेससमोरच ठेवला होता, गादी गरम व्हावी म्हणून. आर्मांडने आधी तो उचलून बाहेर आणला, मग मला. मी त्याला कोटावरून चिमटे काढले.

६. पाचव्या कलमातले "माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांत" हे शब्द मी खोडले आहेत. तिथे "आत्ता" असं वाचावं.

७. पहिल्या कलमातलं घर, राहिलं तर, लोर्नाचंच. आत्ता धुराड्याशेजारच्या फळ्यांतून धूर येतो आहे, जिथून यायला नको तिथून.

८. टोपी माझ्या डोक्यावर आहे. ती माझ्याबरोबर पुरावी.

९. आर्मांडच्या नावे काही ठेवता येत नाही, तो साक्षीदार आहे. पण मी जगले तर त्याला चहा द्यायचा आहे, याची लोर्नाने मला आठवण करून द्यावी.

वर लिहिलेलं सगळं माझं आहे, शुद्धीत लिहिलं आहे, आणि उशिरा लिहिलं आहे.

ऑर्फा हेझल्टाइन (सही)

साक्षीदार १: आर्मांड तिबो, गवंडी. उजव्या हाताची बोटं भाजल्यामुळे सही डाव्या हाताने.

साक्षीदार २: विनी पॅरट. दुकानातून परत आल्यावर, दोघांच्या समक्ष. लोर्ना निघालेली नाही.

स्थळ: घरासमोरचं अंगण. घरात बसून सही करायला साक्षीदार क्र. १ यांची हरकत.

दिनांक: १४ नोव्हेंबर २००९, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. बंब अजून आलेला नाही. पाळणा माझ्या शेजारी बर्फात आहे, रिकामा. देवा, रिकामा आहे.