खाडीवरची झावळी

४ मार्च
गावसभेने पर्यटन समितीचं अध्यक्षपद मला दिलं. दुसरं कोणी पुढे आलंच नाही, यातच सगळं आलं. बावीस तारखेला समुद्र वाचवणाऱ्या संस्थेचे सहा पाहुणे येणार. आमची खाडी तीन वर्षं बंद आहे, शंखांना कोणी हात लावलेला नाही. भरलेली खाडी दिसली तर ते दरवर्षी पर्यटक पाठवतील आणि राखणीचा खर्च उचलतील. नाही दिसली तर हे सगळं शेजारच्या बेटाला मिळेल.
ठराव: पहाटे पाचला उठणे. कोणावर न ओरडणे.

५ मार्च, सकाळी ८
आत्ता उठले. कोंबडा आरवला नाही.

९ मार्च
खाडीची पाहणी. तोंडाशी खांबावर बंदीची झावळी बांधलेली. वाळून खराटा झाली आहे, वर पक्ष्यांची घाण. पाहुण्यांना आधी हेच दिसणार. राखणदार मेल्कीला म्हटलं, उतरव. (माझाच विद्यार्थी. सातवीत दोनदा बसला.) म्हणाला, बाई, झावळी उतरली म्हणजे खाडी उघडली. चर्चमध्ये प्रार्थना झाल्याशिवाय हात लावायचा नाही. हवं तर वरून ताजी बांधतो. म्हटलं, तीही वाळणारच. अपूर्णांकाच्या वेळी खाजवायचा तसंच डोकं खाजवत उभा राहिला. ओरडले नाही. फक्त आवाज चढवला.

१४ मार्च
पाटी स्वतः रंगवली. निळ्यावर पांढरं. 'खाडी बंद आहे', इंग्रजीत, कारण पाहुणे इंग्रजी वाचतात. नणंद सेल्फिना म्हणाली, वहिनी, आपल्यातल्या कोणाला वाचता येणार हे? या गावाला चौतीस वर्षं मीच वाचायला शिकवलं, हे ती विसरते.

२० मार्च
मेल्की दाढ काढायला बोटीने अंबोन शहरात गेला. ऐन कामात दाढ. शेवटी मीच शिडीवर चढले, झावळी उतरवली, पाटी ठोकली. सेल्फिना म्हणाली, शिडी धरते, पण माझं नाव घ्यायचं नाही. किनाऱ्यावर बरीच माणसं उभी होती. कौतुकाने बघत होती.

२१ मार्च, सकाळी ६
खाडीत होड्या. मोजल्या, एकवीस. स्वागताची तालीम दिसते. मला न सांगता केली, तरी मन भरून आलं.

सकाळी ६.२०
होड्यांत टोपल्या आहेत.

सकाळी ७
कमरेपर्यंत पाण्यात जाऊन ओरडले. (ठराव आजपुरता बाजूला.) म्हातारा डोमिंगूस भरली टोपली डोक्यावर घेऊन समोरून आला. पाटी दाखवली. म्हणाला, रंग छान आहे, बाई, लिहिलंय काय? सांगितलं. म्हणाला, मग झावळी का काढलीत? आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आम्हाला वाटलं, प्रार्थना झाली असेल, आपल्यालाच कळलं नसेल. बाई चुकत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत ना.
पाणी फार गार होतं.

२२ मार्च
पाहुणे आले. तासभर पाण्यात डोकं घालून पोहले. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, शंख कुठे आहेत? तेव्हा गावभर चुलींवर शंखच शिजत होते. जेवायलाही तेच. दोघांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पाटीचा फोटोही काढला. एकंदरीत भेट चांगली झाली.
दुपारच्या बोटीने शेजारच्या बेटावर गेले. बॅगा सगळ्या बरोबर नेल्या.

२४ मार्च
मेल्की परत आला. गाल सुजलेला. पाटी काढली, ताजी झावळी बांधली, तोवर माझ्याकडे पाहिलंही नाही. मग म्हणाला, प्रार्थनेशिवाय जो खाडी उघडतो, त्याने पुन्हा भरेपर्यंत ती राखायची, हा नियम तुम्हाला माहीत आहे. तीन वर्षं. मी म्हटलं, सहायक राखणदाराचं पद स्वीकारायला माझी हरकत नाही. म्हणाला, पद नाही बाई. नुसतं बसायचं.
ठराव: पहाटे पाचला उठणे.

२५ मार्च, सकाळी ९
उशिरा पोहोचले. खाडीत राखण्यासारखं अजून काही नाही.
पाटी बसायला बरी आहे.