धाकट्याचा लिफाफा

४ नोव्हेंबर, सकाळी
मुलीच्या लग्नाच्या पत्रिका तयार. छापल्या अर्थात माझ्याच प्रेसमध्ये. लिफाफ्यांवर नावं मात्र मी स्वतः घालणार. आयुष्यभर लोकांची लग्नं छापली, कुणाला ‘श्री. व सौ.’, कुणाला ‘सहकुटुंब’, हे मला झोपेतून उठवून विचारा. आजच्या आज संपवणार.

संध्याकाळी
संपले. एक सोडून. धाकट्या भावाचा. तो आणि त्याचा आर्किटेक्ट कित्येक वर्षं एका घरात आहेत, संसार थाटून. बायको म्हणाली, एकाच लिफाफ्यावर दोघांची नावं घाला, त्यात काय एवढं! डोकंच फिरलं. ‘श्री. व श्री.’ म्हणजे हार्डवेअरच्या दुकानाची पाटी! या घरात माझ्या धंद्यातलं सगळ्यांना कळतं, मी सोडून.

५ नोव्हेंबर
तोडगा काढला. दोघांना दोन वेगळे लिफाफे. एक भाऊ म्हणून, एक ओळखीचा म्हणून. कुणाचा अपमान नाही, पाहुण्यांत कुजबुज नाही. पोस्टात टाकले. असं डोकं दुसऱ्या कुणाचं चालणार नाही.

८ नोव्हेंबर
धाकट्याचा फोन. म्हणाला, दादा, लिफाफे दोन, मग आम्ही हॉलमध्ये शिरायचं पण वेगवेगळ्या दारांनी का? हसत होता. माझे कान तिखट आहेत; ते हसू नव्हतं. मी म्हटलं, अरे, पद्धत असते. तो म्हणाला, हो, भाड्याच्या खोलीत एकत्र राहणाऱ्या दोन पोरांना पत्रिका पाठवायची. फोन ठेवला. कुणी, ते लिहीत नाही.

दुपारी
मुलीला कुणी सांगितलं? तिच्या आईने, दुसरं कोण! प्रेसमध्ये येऊन कामगारांसमोर म्हणाली, बाबा, कॉलेजला असताना मी त्यांच्याकडे राहिले. टायफॉइड झाला तेव्हा उशाशी आर्किटेक्टकाका बसून होते, तुम्ही फोनवर होतात. दोघांची नावं एकत्र, नाहीतर मी पण येत नाही. स्वतःच्या लग्नाला येत नाही म्हणे! कटिंग मशीन बंद करून सगळे ऐकत होते. एरवी मी घसा फोडला तरी बंद करत नाहीत.

९ नोव्हेंबर
ठरलं. नवा लिफाफा घेऊन त्यांच्या घरी जायचं आणि त्यांच्यासमोर दोन्ही नावं एका ओळीत लिहायची. ही माघार नव्हे, मोठेपणा आहे. आज जमलं नाही. कागदाचा व्यापारी आला होता.

१० नोव्हेंबर
आजही नाही. व्यापारी आला नव्हता, पण येऊ शकला असता. बायकोने कोरा लिफाफा माझ्या ताटाशेजारी ठेवला. मुद्दाम ठेवला.

११ नोव्हेंबर, संध्याकाळी
गेलो. धाकटा घरी नव्हता. दार आर्किटेक्टने उघडलं. या दादा, म्हणाला. चहा टाकला. मी कोरा लिफाफा टेबलावर ठेवला. खिशात पेन होतं, हात काही तिकडे जाईना. उगाच विचारलं, पेन आहे का? तो म्हणाला, द्या, मीच लिहितो, माझं अक्षर बरं आहे. वाटलं, सुटलो.

त्याने फक्त धाकट्याचं नाव लिहिलं. अगदी मधोमध, छापल्यासारखं. म्हणाला, तो येईल, मी पाठवतो त्याला. पोरीला सांगा, मला कामासाठी बाहेरगावी जावं लागलं. तुमच्यावर यायला नको.

आज पहिल्यांदाच राग कुणावर काढावा ते कळेना.

मी म्हटलं, चहा छान झालाय.