फळ्याचा खिळा

३ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आमच्याकडे नको. वॉर्डची मुख्य नर्स असून मीच हे लिहितेय, तेव्हा काय ते समज. व्यवस्थापनाने दारात फळा लावलाय. पेशंटला हात लावण्याआधी जो हात धुणार नाही, त्याचं नाव त्यावर. तपासणीच्या बाई आल्या की सगळे धुतल्या तांदळासारखे. त्यांची पाठ वळली की ये रे माझ्या मागल्या. बेसिन पार वॉर्डच्या टोकाला, दर वेळी तिथवर जाणार कोण? कुणाचे टाके चिघळले तरी नाव लागेल म्हणून कुणी तोंड उघडत नाही. आईला अशा हातांत कशी देऊ?

जिजाजींना नमस्कार. रागावू नकोस.

तुझी बारकी

८ जून

चि. बारकीस अ. आ.

आई हटून बसलीय. लेक तिथे असताना परक्या दवाखान्यात का जाऊ, म्हणते. लहानपणी माझ्या वाटचंही तूच भांडायचीस. आता दातखीळ बसली का? जा फळा लावणाऱ्या त्या साहेबांकडे. खाऊन तर टाकणार नाहीत! माझा जीव टांगणीला लागलाय, लवकर कळव.

ताई

१९ जून

ती. ताईस सा. न.

भांडले! फळा उतरवा, प्रत्येक खाटेला हात चोळायच्या औषधाची बाटली लावा, कुणीही कुणाला टोकावं आणि शिक्षा नको, असं सांगितलं. साहेबांनी आधी आठ्या घातल्या, मग महिनाभर करून बघा म्हणाले. ढिलाई दिसली तर मात्र फळा परत.

पहिल्याच दिवशी आयाबाईंनी मोठ्या सर्जनना अडवलं. ते लालबुंद झाले, हात चोळले आणि बरं केलंत म्हणाले. तेव्हापासून टोकाटोकीला ऊत आलाय. परवा एका जखमेवर लाली दिसली, तर लगेच मला सांगायला आले. आण आईला.

सगळ्यांना नमस्कार.

बारकी

११ जुलै

चि. थोरलीस अ. उ. आ.

टाके निघाले, जखम कोरडी खडखडीत. काल नेमके साहेब फेरीला आले आणि तुझी बहीण धावतपळत येऊन हात न चोळताच थेट माझ्या पट्टीला हात घालू लागली. मी मनगट धरलं. मी आहे गं आई, म्हणाली. म्हटलं, तू आहेस म्हणूनच. बिचारी गोरीमोरी झाली. साहेबांनी दारालगतच्या भिंतीकडे पाहिलं. फळ्याचा खिळा तिथेच होता. लेकीच्या मेहनतीवर मीच पाणी ओतलं की काय! तिने हात चोळले आणि आज मी चुकले, असं सरळ त्यांना सांगितलं. ते पुढच्या खाटेकडे वळले.

आज सकाळी साहेबांनी धाडलेला सुतार आला आणि खिळा उपटून घेऊन गेला.

भेटायला ये. आधी हात पुढे कर, मग गळ्यात पड. लोभ आहेच, तो वाढवत राहा.

तुझी आई