ताईचा कडू चहा आणि दोन पांढरे दगड

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (गुडघा परवानगी देतो तेवढा). तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला अजून त्यांच्याआधी घरात शिरतो का?

तुझ्या पेलाभर चहाची खरी किंमत आज मांडून पाहिली. माझा एक पांढरा शर्ट, केमिस्टसाहेबांचा दिवसभराचा अबोला, आणि त्या चहाची मी जन्मभर केलेली टिंगल, जी सगळी परत घ्यावी लागली. बदल्यात कारखाना वाचला. सौदा वाईट नाही.

तू आलीस तेव्हा आमची काय गत होती ते धड सांगितलंच नव्हतं (तू काळजी करतेस आणि मग चहा करतेस). भट्टीवाल्या गिऱ्हाइकाला स्वच्छ फ्लोराइट हवं आणि आमच्या दगडात त्याला कॅल्साइट चिकटलेलं. दोन्ही खनिजं पांढरी, दोन्हींत कॅल्शियम. दगड दळून पाण्यात घालायचा, तेलापासून काढलेलं ॲसिड टाकायचं (साबणाचा सख्खा चुलतभाऊ) आणि खालून हवा सोडायची. ॲसिड ज्या कणाला धरेल तो फेसाबरोबर वर येतो. पण हे ॲसिड म्हणजे आपले थोरले मामा, लग्नात दिसेल त्याला मिठी. दोन्ही दगड गळ्यात गळा घालून वर. दोन नमुने नापास होऊन आले होते. तिसराही आला असता तर दाराला कुलूप आणि चौदा माणसं घरी.

नेमका तो तिसरा लावताना तू चाचणीच्या छोट्या यंत्राच्या कडेवर पेला ठेवलास आणि केमिस्टसाहेबांचं कोपर लागलं. अर्धा चहा यंत्रात, अर्धा माझ्या अंगावर. मी सगळं मोरीत ओतायला निघालो, तर तू म्हणालीस, "टाकतोस कशाला? आधी चालवून बघ. टाकायला काय, उद्याही येतं." (शिळ्या भाजीबद्दलही तू हेच म्हणतेस.) एवढं बोलून तू शेजारच्या खोलीत दुसरा चहा ठेवायला गेलीस आणि मी शर्ट धुवायला नळावर.

इथे माझे कान कामी आले. फेस कसा आहे हे मी नुसतं ऐकून सांगतो, तुला ठाऊकच आहे. नळावरून ऐकलं, बुडबुड एकदम संथ, भरदार झाली. तिथूनच ओरडलो, जमलं म्हणून. आणि जमलंच. तुझ्या चहाचा कडूपणा आधीच कॅल्साइटला जाऊन बिलगला, मामांना तिथे जागाच उरली नाही. कॅल्साइट तळाशी राहिलं आणि फ्लोराइट एकटं वर आलं. नमुना पास झाला, करार काल झाला. चौदा जणांनी तुला नमस्कार सांगितलाय. ताई, तू अडवलं नसतंस तर आमचं सगळ्यांचं नशीब मी स्वतःच्या हाताने मोरीत ओतलं असतं. हे तुझ्या तोंडावर बोलायला जमलं नाही, म्हणून लिहितो.

तुझा धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. मोठ्या टाकीसाठी आम्ही चहा केला, पण तो चांगला झाला आणि कामातून गेला. तुझ्याइतका उकळायचा कुणाला धीर होत नाही. तसल्याच कडू गुणाची पूड मागवली आहे, ती येईपर्यंत तू ये.

आणखी ता. क. केमिस्टसाहेबांनी वरचं वाचलं. ते म्हणतात, मी ओरडलो तेव्हा यंत्र बंद होतं, त्याचा निघालेला पट्टा त्यांच्या हातात होता. बुडबुडत होता तो तुझा दुसरा चहा.